यूलालीचा काहीच-नाही रंग

त्रिनिदादमधल्या आमच्या आन्स तोर्ती गावात होडीला धर्ममाता लागते. मुलाच्या बाप्तिस्म्याला जशी एक बाई पुढे होऊन सांगते की याचं बरंवाईट आजपासून माझ्याकडे, तसंच होडीचं. नवी होडी वाळूवर तयार झाली की फादर येतात, पाणी शिंपडतात आणि होडीची धर्ममाता तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवून तेच शब्द म्हणते. धर्ममातेला आमच्याकडे नेनेन म्हणतात. गेली तीस वर्षं आमच्या किनाऱ्यावरच्या जवळजवळ सगळ्या होड्यांची नेनेन एकच होती, यूलाली नोएल. कारण साधं होतं. होड्या तीच रंगवायची.

होडीवर नंबर घालायचा मत्स्यखात्याचा परवानाही तिच्याकडे होता. त्रिनिदादमध्ये मासेमारीच्या प्रत्येक होडीवर दोन्ही बाजूंना दहा इंच उंचीचा, लांबून वाचता येईल असा नंबर लागतो. यूलाली साचा वापरत नसे. खडू लावलेली दोरी ताणायची, टिचकी मारायची, लाकडावर सरळ रेघ उमटायची आणि मग एका श्वासात आकडा काढायचा. तिचा सात पाहून लोक होडी ओळखत.

वय एकसष्ट, अंग काटकुळं, कोपरांपर्यंत रंगाचे थर. नवरा फार वर्षांपूर्वी तेलाच्या विहिरीवर काम करायला म्हणून परदेशी गेला तो गेलाच. त्याचा विषय निघाला की ती म्हणायची, "होडीला रंगाचे दोन हात पुरतात. त्याला मी तीन दिले, तरी पोपडे निघाले."

तिच्या घराखाली, लाकडी खांबांच्या मधल्या जागेत, फळ्यांवर डबे रचलेले असत. होडी रंगवून झाली की उरलेला रंग ती टाकत नसे. झाकणावर होडीचा नंबर लिहून डबा ठेवून द्यायची, कारण होडीचा मालक मेला की त्याच्या थडग्यावरचा क्रूस त्याच रंगाने रंगवायची आमची रीत आहे. त्यामुळे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा डबा नेनेनकडे असतो. पुरुष येता-जाता विचारायचे, "नेनेन, माझा डबा वाळला का गं?"

"वाळेल, वाळेल. तुला एवढी घाई आहे तर झाकण उघडं ठेवते."

ओस्मंड फोर्तुनेचा डबा लाल रंगाचा होता. त्याच्या होडीचा नंबर टी-एफ ४१७. यूलालीने त्याला लहानपणी बाप्तिस्म्याच्या कुंडावर धरलं होतं, म्हणजे ती त्याचीही नेनेन आणि त्याच्या होडीचीही. त्या लाल होडीचा, नाळेवर यूलालीचा हात असलेला फोटो ओस्मंडच्या बायकोच्या, व्हेरोनाच्या, भिंतीवर होता.

मग चाचे आले. पलीकडच्या किनाऱ्यावरून दोन-तीन इंजिनांच्या वेगवान होड्या यायच्या, बंदुका दाखवायच्या, आमची इंजिनं काढून घ्यायच्या. एका वर्षात नऊ इंजिनं गेली. दहाव्या वेळी त्यांनी गॅस्पार नावाच्या आमच्या माणसाला पाण्यात ढकललं आणि तो परत आला नाही. तस्करही त्याच समुद्रातून जायचे, पण तस्करांना आमच्याशी देणंघेणं नव्हतं. चाच्यांना होतं. लाल, पिवळी, हिरवी होडी दोन मैलांवरून दिसते आणि दिसली की ते वळतात, एवढं आम्हाला कळलं होतं.

ओस्मंड एका सकाळी यूलालीकडे येऊन तिच्या पायरीवर बसला.

"नेनेन, तू आयुष्यभर होड्या दिसाव्यात म्हणून रंगवल्यास. एकदा दिसू नये म्हणून रंगव ना."

"न दिसणारी होडी तुला वाळूवर तरी सापडेल का रे?"

"चेष्टा नाही. गॅस्पारची होडी पिवळी होती."

गॅस्पारची होडी यूलालीनेच पिवळी केली होती.

पुढचे तीन आठवडे ती जे करत होती त्याला दुसरा कुणी प्रयोग म्हणाला असता. हातभर लांबीच्या सात फळ्या तिने सात निरनिराळ्या मिश्रणांनी रंगवल्या, दोरीला बांधल्या आणि ओस्मंडच्या होडीतून समुद्रात सोडल्या. स्वतः होडीत खाली बसून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून, पन्नास हातांवरून, शंभरावरून, दोनशेवरून बघत राहिली. ओस्मंडचा सोबती सुकी, म्हणजे सुकदेव, दोरी सोडत होता.

"नेनेन, निळी गेली."

"गेली नाही. चमकतेय. डोळे धुऊन ये."

निळा रंग समुद्रात लपत नाही हे तिला त्या दिवशी कळलं. लपला तो करडा, त्यात थोडा निळा, किंचित हिरवा, दिव्याची काजळी, आणि चमक मारायला मूठभर खडूची पूड. चौथी फळी दीडशे हातांवर नाहीशी झाली. दोरी हातात होती, ओढ लागत होती, पण टोकाला काहीच नव्हतं. सुकी ओरडला, "काहीच नाही!" रंगाचं नाव तेच पडलं.

"आणि नंबर?" तिने ओस्मंडला विचारलं.

"पांढरा घातलास तर समुद्रात नुसता नंबर फिरताना दिसेल. बिचारे चाचे घाबरून मरतील."

तिने नंबर त्याच रंगात, फक्त एक छटा गडद काढला. हात लावला तर कळायचा, चार पावलांवरून कळायचा नाही. "नंबर दहा इंच हवा, तो दहा इंच आहे," ती म्हणाली. पण तो लांबून वाचता आला पाहिजे हेही नियमातच होतं, आणि ते तिला पाठ होतं.

आतली बाजू मात्र तिने पूर्वीसारखीच पांढरी ठेवली. होडीच्या आत पांढराच रंग लागतो. गळ, रक्त, दोरीचा पीळ, सगळं त्यावर लगेच दिसतं.

ओस्मंडनंतर आणखी पाच होड्यांना काहीच-नाही लागला. पहिल्या चार महिन्यांत एकही इंजिन गेलं नाही. यूलाली चर्चमध्ये ताठ मानेने बसू लागली.

त्याच काळात एका मोठ्या देशाचं लढाऊ जहाज आमच्या उत्तरेच्या समुद्रात फिरू लागलं. त्यांनी तस्करांशी युद्ध पुकारलं होतं. आम्हाला बरंच वाटलं. जहाज दिसतंय म्हटल्यावर चाचेही कमी होतील, असं ओस्मंडचा थोरला भाऊ मॅथायस सगळ्यांना सांगत सुटला होता.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, मॅथायस किनाऱ्यापासून तीस मैलांवर सुरमईसाठी गळ टाकून बसला होता. ओस्मंड आणि सुकी त्याच्या पूर्वेला, चारेक मैलांवर. मॅथायसने एक धप्प असा आवाज ऐकला आणि क्षितिजावर काळा धूर उभा राहिलेला पाहिला. त्याने इंजिन सुरू केलं, पण रेडिओवर एक शांत आवाज आला: या भागातून दूर व्हा, पुढे याल तर परिणामांची जबाबदारी तुमची. वर एक विमान घिरट्या घालत होतं. मॅथायस परत आला. दोन दिवस त्या भागात कुणालाच जाऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी ओस्मंडचं शव शेजारच्या गावाच्या वाळूवर आलं. सुकी आलाच नाही.

व्हेरोना हिरवी केळी सोलत होती तेव्हा रेडिओवर त्या देशाचं निवेदन वाचलं गेलं. बिननंबरची, लपण्यासाठी करडा-निळा रंग दिलेली, जादा इंधनाची पिंपं घेतलेली तस्करांची होडी नष्ट केली, दोन शत्रू ठार.

"दोन काय?" व्हेरोनाने रेडिओलाच विचारलं.

जवळच्या समुद्रातले मासे संपल्यापासून तीस मैल जावं लागतं, म्हणून पिंपं. हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ‘लपण्यासाठी दिलेला रंग’ याला उत्तर नव्हतं. ते शब्द ऐकल्यावर यूलाली घराखाली डब्यांसमोर जाऊन बसली. तीन दिवस ती खारवलेल्या माशाचा तुकडा आणि कोकोचा चहा यांवर राहिली, आणि कुणी हाक मारली तर म्हणायची, "रंग वाळतोय. नंतर या."

राजधानीहून वकील आली. राहीला मोहिद नाव, तिशीची, हातात चपला घेऊन वाळूतून चालत आली. व्हेरोनाच्या ओट्यावर सगळे जमले. तिने सरळ सांगितलं.

"ओस्मंडच्या मृत्यूची चौकशी कॉरोनरच्या कोर्टात होणार आहे. कॉरोनर शेवटी दोन गोष्टी लिहील. हा माणूस कोण होता आणि कसा मेला. त्याने ‘मच्छीमार’ लिहिलं तर तो कागद घेऊन मी आंतरराष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे उभी राहीन. ‘संशयास्पद होडीतील इसम’ लिहिलं तर माझ्या हातात काही उरणार नाही, आणि व्हेरोनाबाई, तुमच्या मुलांना लोक तस्कराची मुलं म्हणतील."

"पण युद्धात ते असंच मारतात ना?" कुणीतरी म्हणालं.

"मुळात हे युद्धच नाही असं माझं म्हणणं आहे. आणि असलं तरी युद्धालाही कायदा असतो. जो लढत नाही त्याला मारायचं नाही. शंका असेल तर त्याला साधा माणूसच धरायचं. आणि ज्याची होडी फुटली, जो पाण्यात पडला, तो कुणीही असो, शत्रू असला तरी त्याला पाण्यातून उचलायचं. हा फार जुना नियम आहे."

यूलालीने तोवर मान वर केली नव्हती. "मिस, युद्ध म्हणजे दोघांचं असतं. आमच्याकडे सांगायला कुणी आलं होतं का? आम्ही निदान रंग तरी बदलला असता."

मॅथायसने पटकन भिंतीवरचा फोटो काढून वकिलाच्या हातात दिला. "रंगाचं सोडा. ही बघा ओस्मंडची होडी. लाल. नंबर बघा, इथून वाचा. ते खोटं बोलतायत."

राहीला मोहिदचा चेहरा उजळला. "हे फार मोठं आहे. ही फोटोतली बाई कोण?"

सगळ्यांनी यूलालीकडे पाहिलं.

वकील गेल्यावर मॅथायस तिच्या पायरीवर येऊन बसला. त्याच्यामागे बाकीच्या चार करड्या होड्यांचे मालक. पाचवी त्याची स्वतःची.

"नेनेन, एकच शब्द. लाल."

"होडी लाल नव्हती रे, मॅथायस."

"होडी समुद्राच्या तळाशी आहे. तिला विचारायला कोण जाणार? फोटो लाल आहे, तू लाल म्हण, संपलं. खरं बोललीस तर ते म्हणतात तेच तू म्हणालीस. नंबर नव्हता, लपायचा रंग होता. आणि वर मत्स्यखातं आमच्या पाच होड्या ओढून वाळूवर ठेवेल. तुझाही परवाना जाईल."

"मला शिकवू नकोस. तुझ्या होडीला नाळेवर हात ठेवून मी शब्द दिलाय."

"मग पाळ की!" तो उठला. "ओस्मंडच्या वेळी कुठे गेला होता तुझा शब्द? तुझ्या काहीच-नाहीने मारलं त्याला."

मागच्या माणसांपैकी कुणीतरी "ए" म्हणालं. पण शब्द बाहेर पडला होता. यूलालीलाही तेच वाटत होतं.

चौकशीच्या चार दिवस आधी त्या देशाने वरून काढलेलं चित्रण प्रसिद्ध केलं. अख्ख्या गावाने ते एकेक करून आपापल्या फोनवर पाहिलं आणि एकेक करून फोन उलटा ठेवला. यूलालीकडे तसला फोन नव्हता. तिने व्हेरोनाला सांगितलं, दाखव. व्हेरोना म्हणाली, मी परत बघणार नाही, तू घेऊन जा.

चित्रण बावीस सेकंदांचं होतं. सगळं राखाडी, रंग नाहीत. यूलालीने ते आठ-दहा वेळा पाहिलं, स्फोटाच्या आधी थांबवून. आम्ही बघत होतो ते ओस्मंडला, ती बघत होती होडीला. मग तिने व्हेरोनाला हाक मारली.

"हे काय आहे?"

"नको ना, नेनेन."

"माणसं नको बघू. हे बघ. पांढरं."

समुद्राच्या राखाडी पट्ट्यावर होडी म्हणजे एक लांबट पांढरा तुकडा होता. कारण वरून दिसते ती होडीची आतली बाजू. त्या पांढऱ्यावर माशांची पेटी दिसत होती, जाळ्याची गुंडाळी दिसत होती, वाकून बादलीने पाणी काढणारा सुकी दिसत होता. काहीच-नाही फक्त बाहेरून लागला होता. पाण्याच्या पातळीवर डोळे असलेल्या माणसासाठी तो होता. आकाशातून बघणाऱ्याला तो दिसतच नव्हता.

"हा पांढरा माझा आहे," यूलाली म्हणाली. "त्यांना सगळं दिसत होतं."

व्हेरोना रडू लागली. यूलाली रडली नाही. ती अजून विचार करत होती.

"मग त्यांना रंग कसा कळला गं?"

"कुठला रंग?"

"रेडिओवर काय म्हणाले? करडा-निळा. या चित्रात कुठे आहे रंग? आणि नंबर नाही म्हणाले. नंबर बाहेरच्या अंगाला असतो, वरून दिसत नाही. काहीच-नाही बघायचा तर खाली पाण्याजवळ यावं लागतं. अगदी जवळ. दीडशे हातांच्या आत." तिने फोन खाली ठेवला. "ते तिथे आले होते, व्हेरोना. फुटलेल्या फळ्यांपाशी आले होते. सुकी तिथेच कुठेतरी असणार."

कॉरोनरचं कोर्ट शेजारच्या तालुक्याच्या गावी, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर भरतं. पंखा होता, चालत नव्हता. मत्स्यखात्याचा एक अधिकारी मागच्या बाकावर वही घेऊन बसला होता. सुकीची आई पहिल्या बाकावर, डोक्यावर ओढणी घेऊन. आमच्याकडची हिंदू घरं उभारतात तशी तिने घराच्या अंगणात बांबूवर पूजेची झेंडी उभारली होती आणि मुलगा गेला असं ती अजून म्हणत नव्हती.

यूलाली दोन डबे पिशवीत घालून आली होती. तिने शपथ घेतली. राहीला मोहिदने लाल होडीचा फोटो पुढे केला.

"ही टी-एफ ४१७ आहे?"

"हो."

"होडीचा रंग लाल होता?"

"तेव्हा होता. मागच्या ऑगस्टपर्यंत. मग मी तिला करडा दिला."

मॅथायसने तोंडातल्या तोंडात शिवी दिली. वकिलाच्या हातातला फोटो हळूच खाली आला. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. कॉरोनर, म्हातारा, चष्मेवाला, पुढे झुकला.

"बाई, हे उत्तर मृताच्या बाजूचं नाही, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय, साहेब. अजून संपलं नाही."

तिने पहिला डबा टेबलावर ठेवला. झाकणावर ४१७. चाच्यांची, गॅस्पारची, सात फळ्यांची हकीगत तिने सांगितली. नंबर आपणच गडद छटेत घातला, नियम माहीत असताना घातला, हेही सांगितलं. मागच्या बाकावरची वही खरखरू लागली. मग तिने दुसरा डबा ठेवला. त्यावरही ४१७. पांढरा.

"हा आतला. त्यांनी वरून जे बघितलं ते हे." आणि मग, फोनवरचं चित्र कॉरोनरपुढे धरून, तिने तेच सगळं सांगितलं जे व्हेरोनाला सांगितलं होतं. माशांची पेटी, जाळं, बादली. मग रंगाचं. "साहेब, मी सांगितल्याशिवाय हा रंग गावाबाहेर कुणाला माहीत नव्हता. तुम्हाला आज कळला. त्यांना त्याच आठवड्यात कळला होता. त्यांना कोणी सांगितलं? ते जवळ आले होते. मी लाल म्हटलं असतं तर ते जवळ आले होते हे कधीच कळलं नसतं."

कॉरोनरने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "जवळ आले होते, म्हणजे तुमचं म्हणणं काय?"

"मी रंगारी आहे, साहेब. माझं म्हणणं रंगापुरतं. बाकीचं ज्याला माहीत असेल त्याने सांगावं."

तिने मॅथायसकडे पाहिलं नाही. पण मॅथायस उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. शिपाई त्याला खाली बसवायला निघाला तेव्हा कॉरोनरने हात वर केला.

"मी सगळं सांगितलं नव्हतं," मॅथायस म्हणाला. "मी लगेच नाही वळलो. धूर खाली बसेपर्यंत मी पुढे जात होतो. माझ्याकडे दुर्बीण आहे. पाण्यात कोणीतरी होतं. पांढरी बादली हलवत होतं. आमच्यात तीच खूण आहे, बादली हलवली की जायचं, वैरी असला तरी जायचं. सुकी होता. वीस मिनिटं हलवत होता. जहाजाची एक छोटी होडी त्याच्याकडे गेली, फळ्यांभोवती फिरली आणि परत गेली. बादली त्यानंतरही हलत होती. रेडिओवर ते मला म्हणाले, शेवटचं सांगतोय." तो थांबला. "मी वळलो."

सुकीच्या आईने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने अंगणातली झेंडी उतरवली आणि सुतकाची पांढरी साडी नेसली, एवढं आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं.

कॉरोनरने निकाल स्वतःच्या हाताने लिहिला. ओस्मंड फोर्तुने, वय चौतीस, मच्छीमार. मासेमारी करत असताना समुद्रात स्फोटाने मृत्यू, स्फोट परक्या देशाच्या लष्कराने घडवलेला. खाली आणखी एक ओळ: होडीतील दुसरा मच्छीमार सुकदेव स्फोटानंतर जिवंत होता आणि त्याला पाण्यातून उचलण्यात आलं नाही.

राहीला मोहिद जिन्यात यूलालीला म्हणाली, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही मला लाल म्हणायला लावलं असतं."

"हो," वकील म्हणाली. "लावलं असतं बहुतेक."

कागद आयोगाकडे गेला. त्या देशाचं उत्तर अजून आलेलं नाही. मत्स्यखात्याचं मात्र सहा दिवसांत आलं. पाच होड्या पुढचा हुकूम होईपर्यंत वाळूवर. यूलाली नोएल यांचा नंबर घालण्याचा परवाना रद्द. ऐन सुरमईच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर पाच करड्या होड्या उलट्या पडून राहिल्या. बायका पाण्याला जाताना यूलालीच्या घरावरून न जाता लांबून जाऊ लागल्या. कुणीतरी तिच्या पायरीवर लाल रंग ओतला. तिने तो पुसला नाही. म्हणाली, "चांगला रंग आहे, पातळ केला असता तर अजून पसरला असता."

आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी क्रूस उभा करतात. यूलाली सकाळीच दफनभूमीत आली, कोर्टात नेलेली तीच पिशवी आणि करड्या रंगाचा डबा घेऊन. व्हेरोना तिच्या आधीच तिथे होती.

"त्या रंगाने नको, नेनेन."

"त्याचा डबा हाच आहे."

"तुझ्याकडे जुना लाल असेल."

"लाल त्या दिवशी संपवला, ज्या दिवशी होडी करडी केली. बाहेरच्या रंगाचा डबा एकच ठेवायचा असतो." तिने झाकण उघडलं. वर साय धरली होती, काडीने ती बाजूला केली. "मी त्याला हा रंग त्याच्या जिवासाठी दिला होता, व्हेरोना. दुसऱ्या कशासाठी नाही."

व्हेरोनाने वाकून डब्यात पाहिलं.

"मग नंबर घाल," ती म्हणाली. "या वेळी पांढरा. दहा इंच."

"मला आता परवाना नाही."

"इथे कोण वही घेऊन येणार आहे?"

यूलालीने क्रूस रंगवला. दफनभूमी टेकडीवर आहे, मागे समुद्र. रंगाचे दोन हात झाले तेव्हा फाटकातून बघणाऱ्यांना तिथे फक्त व्हेरोना आणि यूलाली दिसत होत्या, त्यांच्यामधलं लाकूड दिसत नव्हतं. मग यूलाली क्रुसाजवळून उठली आणि थडग्यावरच्या सिमेंटच्या लादीवर गुडघे टेकून बसली. पिशवीतून होडीच्या आतल्या पांढऱ्याचा डबा काढला, दोरीला खडू लावला. दुसरं टोक धरायला व्हेरोना वाकली, तेवढ्यात फाटकातून मॅथायस आत आला. त्याने ते टोक तिच्या हातातून घेतलं आणि लादीच्या पलीकडे बसला.

"ताण," यूलाली म्हणाली. "अजून. ढिली सोडलीस तर आकडा वाकडा येईल."

त्याने ताणली. तिने टिचकी मारली. आडवी लादी, तोंड आकाशाकडे, वरून वाचता येईल अशी. उत्तरेकडून विमानाच्या इंजिनाचा आवाज आला आणि आम्ही फाटकापाशी उभे असलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. यूलालीने केली नाही. तिने चार काढला, एक काढला, मग ब्रश पुसून, श्वास धरून, सात.